दाभोळात काय आहे बघण्यासारखं?

दापोलीला एका घरगुती खाणावळीत आम्ही जेवायला थांबलो होतो. मालकांनी सोलकढीची वाटी ठेवता ठेवता विचारलं, "आता पुढे कुठे?"

म्हटलं, "दाभोळ."

"म्हणजे फेरीबोटीने गुहागरला जाणार."

"नाही हो, दाभोळलाच."

त्यांनी आम्हाला जरा निरखून पाहिलं. "दाभोळात काय आहे बघण्यासारखं?"

मला काही उत्तर सुचेना. बाबा मात्र भात कालवता कालवता म्हणाले, "समोरचं वेलदूर दिसतं." मालक हसले, बाबाही हसले आणि विषय तिथेच संपला. मला त्या वाक्याचा अर्थ संध्याकाळी कळला. म्हणून हे लिहायला बसले आहे.

तर सुरुवात झाली ती आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग गेली कित्येक वर्षं ऐकतोय आपण. त्या योजनेत दाभोळच्या खाडीवरचा पूलही आहे. त्याची बातमी कोणीतरी ग्रुपवर टाकली आणि मी (नेहमीप्रमाणे!) लांबलचक निबंध लिहिला. खाडीवर पूल नको, फेरीबोटीतली मजा जाईल, कोकणचं कोकणपण जाईल, आपल्या आजीने जो प्रवास केला तो आपल्या मुलांना कळणारच नाही, वगैरे वगैरे. पुणे, ठाणे, नवी जर्सी सगळीकडून अंगठे आले. फक्त वेलदूरला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने एक ओळ लिहिली, "ताई, तू शेवटची कधी आली होतीस?"

सहा वर्षं झाली होती.

राग आला खरा, पण दोन दिवस ती ओळ डोक्यातून जाईना. मग नवऱ्याला म्हटलं, बाबांना घेऊन जाऊन येऊया. बाबा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे कुरकुरतात. पण दाभोळचं नाव काढल्यावर त्यांनी आधी बॅग भरली आणि मग तारीख विचारली.

ज्यांना भूगोल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाशिष्ठी नदी सह्याद्रीतून उतरते, चिपळूणवरून येते, वाटेत खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते आणि मग ती हळूहळू नदी राहत नाही, खाडी होते. पाणी गोडं की खारं हे भरती-ओहोटी ठरवते. मुखाजवळ उत्तरेच्या काठावर दाभोळ, तालुका दापोली. समोरच्या काठावर धोपावे, वेलदूर, अंजनवेल. तो तालुका गुहागर. आमचं घर वेलदूरला. म्हणजे दाभोळ आमचं गाव नव्हे, आमच्या समोरचं गाव. पण जगात जायचं तर आमची वाट दाभोळवरूनच जायची.

आणखी एक गंमत. कोयना उगम पावते महाबळेश्वरला आणि तिचं पाणी खरं तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. पण १९६२ पासून कोयनेच्या वीजप्रकल्पाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं जातं आणि वीज करून झाली की ते वाशिष्ठीत सोडलं जातं. म्हणजे आज दाभोळच्या धक्क्याला जे पाणी लागतं त्यात महाबळेश्वरचंही पाणी असतं. बाबा १९५८ साली या खाडीतून गेले तेव्हा ते नव्हतं. हे मी त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "तरी म्हटलं, खाडी ओळखीची का वाटत नाही."

दाभोळ उतरणीवरचं गाव आहे. दापोलीकडून रस्ता खाली खाली येतो, एका वळणावर माडांच्या शेंड्यांवरून अचानक पाणी दिसतं आणि मग अरुंद रस्ता, कौलारू घरं, दुकानं, मासळीचा वास. बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. त्यांना पुढची फेरी गाठायची असते. सहा वर्षांपूर्वी आम्हीही नव्हतो थांबलो.

आणि हे गाव काय होतं बघा! बहमनी राज्याचं हे मोठं बंदर. अरबस्तानातून, इराणकडून घोडे यायचे ते इथे उतरायचे आणि घाट चढून बिदरकडे जायचे. बहमनींचा तो प्रसिद्ध वजीर महमूद गावान, तोही इराणातून आला तो दाभोळलाच उतरला. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास आपल्याकडे होता. तो चौलला उतरला आणि परतीच्या प्रवासाला निघाला तो दाभोळहून. त्याच्या लिखाणातही दाभोळच्या घोड्यांच्या व्यापाराचा उल्लेख आहे. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळलं, माणसं कापली. पुढे आदिलशाही आली. १६६१ च्या कोकण मोहिमेत शिवाजी महाराजांनी दाभोळ घेतलं. एवढं सगळं ज्या गावात घडलं, त्या गावात आज गाडी पार्क करायला जागा कुठे आहे हे विचारलं तर लोक आश्चर्याने बघतात.

धक्क्याजवळच अंडा मशीद आहे. आदिलशाही काळातली, काळ्या दगडाची, चार मिनार आणि मधोमध मोठा घुमट. विजापूरची एक शहजादी मक्केला निघाली होती, दाभोळपर्यंत आली, पण पुढचा समुद्रप्रवास होऊ शकला नाही. मग बरोबर आणलेला पैसा तिने धर्मकार्याला लावला आणि ही मशीद बांधली, असं सांगतात. गोष्ट खरी की खोटी, मला सांगता येणार नाही. पण पायऱ्यांवर बसल्यावर ती पटते. समोर पाणी आहे, जायचं आहे आणि जाता येत नाही, ही दाभोळची गोष्ट आहेच. दगडाला शेवाळ धरलंय, फटींतून रोपटी उगवली आहेत. माझी लेक (वय वर्षे चौदा, एरवी मोबाइलमधून डोकं न काढणारी) घुमटाकडे बघत बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "आई, हे एवढं मोठं आहे आणि आपल्या पुस्तकात कसं नाही?" काय सांगणार?

चंडिकादेवीच्या देवळातही गेलो. जमिनीच्या पोटातलं, गुहेसारखं देऊळ. वाकून आत जावं लागतं आणि आत तेलाच्या दिव्याचा उजेड. बाबांना वाकणं जमेना, त्यांनी बाहेरूनच हात जोडले.

माझ्या पिढीला दाभोळ हा शब्द वेगळ्याच कारणाने माहीत आहे. नव्वदच्या दशकात रोज पेपरात यायचा : एन्रॉन. दाभोळ पॉवर कंपनी. १९९५ मध्ये करार रद्द, मग पुन्हा नव्याने वाटाघाटी, १९९९ मध्ये वीज सुरू, २००१ मध्ये बंद, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं. पुढे २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी प्रकल्प हाती घेतला. पण किती जणांना माहीत असेल की तो प्रकल्प दाभोळात नाहीच? तो समोर, आमच्या बाजूला, अंजनवेलला आहे. धक्क्यावरून त्याच्या चिमण्या दिसतात. बाबा त्यांच्याकडे काठी दाखवून म्हणाले, "नाव ह्यांचं, जमीन आमची आणि वीज कोणाचीच नाही." (काही वर्षं झाली बरं का वीज तयार. पण बाबांना मध्ये टोकायची हिंमत माझ्यात नाही.)

असो. मुख्य गोष्ट धक्क्यावरची.

आमच्या घरात "बोटीच्या गोष्टी" असा एक खास प्रकार आहे. नातेवाईक मंडळींना पाठच असतील. मुंबईची आगबोट खाडीत उभी राहायची, धक्क्याला लागायची नाही. मग पडावात बसून बोटीपर्यंत जायचं, खलाशी दंडाला धरून शिडीवर चढवायचे. पावसाळ्यात बोटी बंद. बाबा दहा वर्षांचे असताना, १९५८ च्या मे महिन्यात, बोटी बंद व्हायच्या आधी मुंबईला गेले, मामाकडे शिकायला. बरोबर पत्र्याची ट्रंक, कुळथाच्या पिठाची पुरचुंडी आणि मामीसाठी फणस. तो फणस पडावातून बोटीत चढवताना पाण्यात पडला आणि एका खलाशाने त्याच्यामागे उडी मारली. ही गोष्ट मी शंभर वेळा तरी ऐकली असेल. फणसाचं वजन दरवेळी वाढतं :)

ती गोष्ट तिथेच, त्याच जागी बाबांनी लेकीला सांगावी आणि मी मोबाइलवर रेकॉर्ड करावी, असा माझा बेत होता. संध्याकाळची वेळ, भरती चढत होती, फेरीबोट (आमच्याकडची जंगलजेट्टी!) नुकतीच गाड्या ओतून परत निघाली होती. बाबा एका दगडावर बसले. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, "बाबा, फणसाची गोष्ट."

ते समोर बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिकडून इकडचा दिवा दिसायचा."

"कुठला दिवा?"

"डॉक्टरांच्या घरचा."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बाबांना एक धाकटा भाऊ होता. चार वर्षांचा. १९५६ च्या श्रावणात त्याला ताप आला, रात्री झटके यायला लागले. तेव्हा वेलदूरला डॉक्टर नव्हता, दाभोळला होता. आजोबा त्याला घोंगडीत गुंडाळून तरीवर घेऊन गेले, मागून आजी, आजीच्या मागून आठ वर्षांचे बाबा. वारा, पाऊस, खाडीला उधाण. तरीवाल्याने होडी काढली नाही. "काढायला नकोच होती," बाबा म्हणाले, "त्यालाही पोरं होती." पाऊस मधूनच उघडायचा तेव्हा समोर दाभोळात एक दिवा दिसायचा. आजी म्हणत होती, तो डॉक्टरांकडचाच आहे, जागे आहेत ते. पहाटे वारा पडला आणि होडी निघाली तेव्हा उशीर झाला होता.

मी कधीच रेकॉर्डिंग बंद केलं होतं. लेकीने आजोबांचा हात धरला होता.

"म्हणून मला मुंबईला पाठवलं," बाबा म्हणाले. "शिक्षणासाठी असं सगळे म्हणतात. आई म्हणाली होती, एकाला तरी डॉक्टरच्या बाजूला ठेवा."

हे सगळं बाबांना विचारूनच लिहिते आहे. रात्री आत्याला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्हाला कशाला सांगायचं?" खरंच, कशाला सांगायचं? फणस सांगायचा, खलाशाची उडी सांगायची. आठवणींच्या नावाखाली आपल्याला जे मिळतं ते आधीच कोणीतरी निवडून, काटे काढून दिलेलं असतं. आणि आपण तेवढ्यावरून "काय ते दिवस होते" म्हणतो. वर त्यावर निबंध लिहून पूल नको म्हणतो!

दुसऱ्या दिवशी भावाकडे गेलो. ग्रुपवरच्या वादाचं त्याने नावही काढलं नाही. मीच काढलं. तो म्हणाला, "ताई, फेरी आम्हालाही आवडते. २००३ मध्ये सुरू झाली तेव्हा दिवाळी वाटली होती, त्याआधी गाडी पलीकडे न्यायची सोयच कुठे होती? पण माझी मुलगी दापोलीला कॉलेजात आहे. शनिवारी घरी यायला निघते तेव्हा सगळं लक्ष शेवटच्या फेरीकडे. ती चुकली तर खेड-चिपळूण करून शंभरेक किलोमीटरचा वळसा. नाहीतर दाभोळात कोणाकडे तरी राहायचं. समोर घर दिसतं आणि जाता येत नाही." हे शेवटचं वाक्य तो अगदी सहज बोलला. त्याला मशिदीची गोष्ट मी सांगितलेली नव्हती, आणि बाबांची तर नाहीच.

तर माझं मत बदललं आहे. पूल व्हावा. वर्षा-दोन वर्षांतून एकदा कोकणात यायचं, फेरीबोटीच्या कठड्याला टेकून फोटो काढायचे आणि त्यासाठी तिथल्या लोकांनी वर्षभर शेवटच्या फेरीकडे डोळे लावून बसावं, हे म्हणायचा मला काही अधिकार नाही. आपल्याला जी पंधरा मिनिटांची गंमत वाटते ती त्यांची रोजची अडवणूक असते. आणि ज्या आजीच्या नावाने मी पुलाला विरोध केला, तिला त्या रात्री कोणी पूल देऊ केला असता तर तिने काय म्हटलं असतं?

पण एवढं म्हणून थांबणंही मला पटत नाही. पूल झाला की दाभोळचं काय होणार? या गावाचा इतिहासच असा आहे की वाट बदलली की गाव पडतं. घोडे दुसरीकडे उतरायला लागले, व्यापार सुरतेला आणि मग मुंबईला गेला, दाभोळ लहान झालं. आगबोटी होत्या तोवर वर्षाचे आठ महिने तरी धक्का जागा असायचा. त्या बंद झाल्या आणि तो झोपला. फेरीने गाड्या आणल्या, पुन्हा जरा जाग आली. उद्या पूल झाला की गाड्या गावाच्या डोक्यावरून जातील. फेरीवर दोर टाकणारी मुलं, तिकीट फाडणारा, धक्क्यावर वडापाव आणि कोकम सरबत विकणाऱ्या बायका, यांचं काय, हे पुलाच्या बातमीत कुठे नव्हतं. ते विचारायला हवं. आणि पुलावरून माणसं, मोटारसायकली लगेच पलीकडे गेल्या तरी धक्का टिकवायला हवा, छोटी लाँच तरी चालू ठेवायला हवी. पाण्यातून जाणं ही सक्ती नसावी, पण सोय असावी. मशिदीसमोर तिची माहिती देणारा एक नीट मराठी फलक लावायला तर पुलाइतका खर्च येत नाही ना?

खाडीचंही तेच. वरच्या अंगाला लोटे परशुरामला रासायनिक कारखाने आले तेव्हापासून सांडपाण्याने मासे मेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि खाडीवर पोट असणारे भोई लोक त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडताहेत. "कोकणपण" वाचवायचंच असेल तर ते इथे वाचवायला हवं. मी त्याबद्दल ग्रुपवर कधी एक ओळ लिहिली नव्हती. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं ना!

आणि आपण? आपल्यासाठी एकच सांगते. पुढच्या वेळी गुहागरला जाताना दाभोळात उतरा. फेरी समोर लागलेली असली तरी एक सोडा. मशिदीच्या पायऱ्यांवर बसा, चहा प्या, कोणाशी तरी बोला. आणि घरात ऐंशीच्या आसपासचं कोणी असेल तर त्यांना तिथे घेऊन जा, पण ठरलेली गोष्ट सांगायचा आग्रह धरू नका. गप्प बसा. ते बोलतील.

परत निघताना आम्ही वेलदूरहून धोपाव्याला आलो आणि फेरीने दाभोळकडे निघालो. अंधार पडला होता. बाबा गाडीतून उतरून कठड्याला धरून उभे राहिले. दाभोळात आता खूप दिवे आहेत, शेकड्याने. लेकीने विचारलं, "आजोबा, डॉक्टरांचं घर कुठे होतं?"

बाबांनी बराच वेळ शोधलं. मग म्हणाले, "आता नाही कळत गं. सगळीकडेच उजेड आहे."

बोट धक्क्याला लागली, फळी धाडकन पडली आणि मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. त्याला पुढे जायचं होतं.

खाणावळीच्या मालकांचा प्रश्न राहिलाच. दाभोळात बघण्यासारखं काय आहे? समोरचं वेलदूर आहे. आणि वेलदूरला बघण्यासारखं? समोरचं दाभोळ.